पाणी कोण आणतं, हा प्रश्न प्रकल्पात का नाही?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण घरातल्या मारहाणीवर, रेशनवर, रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीवर बोललो. आता मी 'शिक्षक होणाऱ्यांचे पर्यावरण प्रकल्प' या विषयावर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. एकीनं विचारलंही, "ताई, ते परीक्षेचं काम. त्यात आपण कशाला पडायचं?" तेच मला सांगायचं आहे.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मला बारा वर्षं झाली. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी बायकांच्या गटांबरोबर काम करते. तिथल्या एका अध्यापक विद्यालयानं मला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मदत करायला बोलावलं. पहिल्या दिवशी आधीच्या वर्षाच्या फायली समोर ठेवल्या. 'पाणी वाचवा', 'झाडे लावा', 'प्लॅस्टिकमुक्त गाव'. सुंदर अक्षर, रंगीत समास, आणि प्लॅस्टिकमुक्तीच्या प्रकल्पाला प्लॅस्टिकचं वेष्टन! बऱ्याच फायलींच्या मुखपृष्ठावर झाडाला मिठी मारलेल्या चिपकोच्या बायका होत्या. आतल्या पानांत मात्र गावातली एकही बाई नव्हती.

हे प्रकल्प आले कुठून? एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचं करावं, असं सांगितलं. पुढे २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावं लागलं. म्हणजे हा विषय मोठ्या प्रयत्नांनी शाळेत आला आहे. प्राथमिक शाळेत तो 'परिसर अभ्यास' म्हणून शिकवला जातो. आज जो छात्राध्यापक परिसराकडे जसा बघायला शिकेल, तसंच तो पुढची तीस वर्षं आपल्या मुला-मुलींना शिकवेल. म्हणून त्याच्या शेवटच्या प्रकल्पाशी आपला संबंध आहे.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी पाण्याच्या प्रकल्पासाठी प्रश्नावली मीच तयार करून दिली. पहिला प्रश्न होता, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. दुसरा, 'रोज किती पाणी लागते?' मुलं संध्याकाळी घरोघर गेली. ओट्यावर बसलेल्या पुरुषांनी उत्तरं दिली. एक गृहस्थ म्हणाले, "पाण्याची काही अडचण नाही. घरात भरलेलंच असतं." दाराआड त्यांची बायको खुदकन हसली. आमच्या छात्राध्यापिकेनं फॉर्मवर लिहिलं, 'अडचण नाही'. मी स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करते म्हणवते, आणि माझ्याच कागदावर बाईला बोलायला जागा नव्हती! तो फॉर्म मी अजून जपून ठेवला आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली. तिघांच्या गटाला सांगितलं, आधी बघा, मोजा, मग विचारा. दोन मुली आणि एक मुलगा. पहाटे साडेचारला हापशावर पोचायचं, तर मुलींना रात्री गावात राहणं भाग होतं. घरून परवानगी मिळेना. शेवटी आपल्या गटातल्या एका मावशींनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि त्यांच्या आईवडिलांशी स्वतः बोलल्या.

एका घराचं त्यांनी मांडलेलं गणित ऐका. सहा माणसं. सकाळी आठ हंडे पाणी आलं. हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे १२० लिटर. माणशी वीस लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. त्या मापानं या घराला ३३० लिटर, म्हणजे बावीस हंडे हवेत. ज्या घरात बाविसाच्या जागी आठच हंडे येतात, तिथल्या बाईला 'पाणी वाचवा' असा तक्ता दाखवायचा का? एका हंड्यात पंधरा किलो पाणी, त्यावर हंड्याचं वजन वेगळं. हे ओझं मानेनं, कमरेनं वाहायचं. गर्भारपणातही सुटका नाही.

त्या आठांपैकी तीन हंडे घरातली सहावीतली मुलगी आणत होती. गटातल्या मुलानं तिला ओळखलं. त्याचे सराव पाठ त्याच शाळेत चालू होते. हापशावर तो काही बोलला नाही. परत आल्यावर मला म्हणाला, "मॅडम, ही रोज उशिरा येते म्हणून मी हिला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं." मग त्यानं आपणहून शाळेचा हजेरीपट काढला. जानेवारीत वेळेवर येणाऱ्या मुली मार्चमध्ये उशिरा येऊ लागल्या होत्या, काहींच्या गैरहजेऱ्या वाढल्या होत्या. त्याच घरांतल्या मुलग्यांची हजेरी तशीच होती. पर्यावरणाचा परिणाम म्हणतात तो असा एका कागदावर दिसला.

गावाचा नकाशाही काढायचा होता. पहिल्या नकाशात विहीर, हापसा, टाकी, शाळा, देऊळ सगळं होतं. दलित वस्ती नव्हती. विचारलं, तर म्हणाले, "ती जरा लांब आहे." तिथल्या बायकांना सोबत घेऊन नकाशा पुन्हा काढला, तेव्हा कळलं की वस्तीतला हापसा बंद पडलेला आहे आणि गावातल्या हापशावर त्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह झाला तो १९२७ साली. पाण्याचा नकाशा काढताना जात वगळली, तर तो नकाशा खोटा ठरतो, हे त्या मुलांना पुस्तकातून नव्हे, पायी फिरून कळलं.

आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती होते. आपल्या गटानं या वेळी आग्रह धरला, आणि मुलांनी काढलेले आकडे तिथे बायकांनीच वाचून दाखवले. वस्तीतला हापसा दुरुस्त झाला. मुख्याध्यापकांनी उन्हाळ्यापुरतं उशिरा येणाऱ्या मुलींना बाहेर उभं करणं बंद केलं. एवढंच झालं. नळ अजून आलेले नाहीत, आणि हंडा पुरुषांनी उचलला असंही नाही.

प्रकल्पाला गुण मात्र कमी पडले. तपासनिसांचा शेरा होता, 'पर्यावरणाचा विषय सोडून सामाजिक विषयाकडे वळला आहे.' पुढे नोकरीच्या स्पर्धेत एकेका गुणाला किंमत असते. त्या तिघांचं नुकसान झालं, आणि त्याला काही अंशी मी जबाबदार आहे. म्हणून मुलांना 'धाडसी प्रकल्प करा' एवढं सांगून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

छात्राध्यापकांना दोष देणंही सोपं आहे. सराव पाठ, टाचणं, आंतरवासिता, फीची ओढाताण यांतून प्रकल्पाला त्यांच्याकडे उरतात चार-सहा दिवस. मग तयार फाईल उतरवून काढली जाते. आपण दार उघडलं, तर तेवढ्या दिवसांतही पुष्कळ होऊ शकतं.

म्हणून आपल्या गटांना माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, आपापल्या भागातल्या अध्यापक विद्यालयात आणि बी.एड. महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांना भेटा. आम्ही प्रकल्पाला मदत करू, असं सांगा. दुसरी, मुलींच्या राहण्याची आणि सोबतीची सोय करा. नाहीतर पहाटेचं गाव फक्त मुलगेच बघतील. तिसरी, प्रकल्प तपासताना काय बघायचं, हे आधीच ठरवून घ्या आणि लेखी मागा. काम कोण करतं, निर्णय कोण घेतं, त्रास कुणाला होतो, हे प्रश्न पर्यावरणाचेच आहेत, हे तपासनिसांपर्यंत पोचायला हवं. चौथी, ज्या बायकांनी माहिती दिली, त्यांच्यासमोर ती वाचून दाखवल्याशिवाय फाईल पूर्ण झाली असं मानू नका. आपल्या बायकांना प्रश्न विचारून जाणारे पुष्कळ असतात, उत्तर घेऊन परत येणारे थोडे.

आणखी एक सावधगिरी. शाळेत मुलांना सांगतात, 'घरी जाऊन आईला पाणी जपून वापरायला सांगा.' वडिलांना काही सांगायचं नसतं का? निसर्ग जपण्याचं कामही बाईच्याच डोक्यावर दिलं, तर हंड्यावर आणखी एक हंडा चढेल. मुलग्यांच्या गृहपाठात एक दिवस पाणी भरणं आणि ते मोजणं असू द्या.

त्या दोन छात्राध्यापिकांपैकी एक आता एका आश्रमशाळेत शिकवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, परिसर अभ्यासाचा तास घेते आहे. पहिला प्रश्न लिहिलाय, तुमच्या घरी पाणी कोण आणतं? पोरं भांडतायत उत्तरावरून."

भांडू देत. त्या वर्गात बोलायला सुरुवात झाली आहे.