बालशस्त्रक्रियेचे प्रशिक्षण : हिशेबाच्या वहीत न दिसणारी जमा
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शस्त्रक्रियेचे शास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु ते शास्त्र निवासी डॉक्टरांना शिकविण्यास जो वेळ व पैसा लागतो, त्याचा हिशेब आपणांपुढे मांडणे माझे कर्तव्य आहे.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या शरीरात सुमारे २४० मिलिलिटर रक्त असते. त्यातील २५ मिलिलिटर गेले तरी दहावा हिस्सा गेला. प्रौढांच्या हर्नियात बहुधा जाळी बसवितात. बालकांत केवळ हर्नियाची पिशवी मुळाशी बांधतात. मात्र ती पिशवी अतिशय तलम असते आणि वीर्यनलिका तिला चिकटलेली असते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही.

बालशल्यचिकित्सेची एम.सीएच. ही पदवी एम.एस. नंतर आणखी तीन वर्षांनी मिळते, आणि असे तज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांतच असतात. जन्मजात व्यंगांच्या अवघड शस्त्रक्रियांसाठी १९२९ पासून कार्यरत असलेल्या मुंबईच्या वाडिया रुग्णालयासारख्या संस्थाच योग्य होत. परंतु मुलाच्या वृषणाला पीळ पडला, तर ते वाचविण्यास साधारणतः सहा तासांचाच अवधी असतो. आष्टी किंवा धारूरच्या वस्तीवरून निघालेल्या मुलाला तेवढ्यात मुंबई गाठता येत नाही. अर्भकाचा हर्नियाही ‘ऊसतोडीहून परतल्यावर पाहू’ म्हणून थांबत नाही. त्यात आतडे अडकण्याचा धोका तान्हेपणी अधिक असतो. म्हणून येथील सर्वसाधारण शल्यचिकित्सकाला काही शस्त्रक्रिया स्वतः करता आल्या पाहिजेत. आणि जी आपल्या आवाक्यातील नाही ती ओळखून, बाळाला उबदार ठेवून, सलाईन लावून, पुढील रुग्णालयास कळवून वेळेत पाठविताही आले पाहिजे.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावातच ‘ग्रामीण’ हा शब्द आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हास्तरीय रुग्णालयात सेवा द्यावी लागते. त्यामागील हेतूही, खेड्यातील रुग्ण त्यांनी जवळून पाहावा, हाच आहे.

पालक विचारतात, “शिकाऊ डॉक्टरांचा हात आमच्याच लेकरावर का?” हा प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच मिळणे हा त्यांचा हक्क आहे. निवासी डॉक्टरांनी प्रथम पाहावे, मग साहाय्य करावे, नंतर एकेक टप्पा हाताळावा. आणि या सर्व काळात वरिष्ठ शल्यचिकित्सक टेबलापाशीच उभे असावेत. ही शिस्त पाळली, तरच विश्वास मागण्याचा अधिकार आपणांस राहील.

या शिस्तीला वेळ लागतो. शिकविण्याच्या दिवशी शस्त्रक्रियांची यादी लहान होते व उत्पन्न घटते. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते. वरिष्ठांनी शिकविण्यात घालविलेल्या तासावर ते कोरता येत नाही. म्हणून या कार्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षक असावे, अशी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. आज येथे शिकलेला हात पुढील पंचवीस-तीस वर्षे कोठल्या तरी तालुक्यातील लेकरांच्या उपयोगी पडेल. हिशेबाच्या वहीत न दिसणारी जमा ती हीच.