शिडाची ओढ आणि विंचचा ड्रम

धारच्या मुंज तलावात किंवा देवासच्या मीठा तलावात रेडिओवर चालणारी शिडाची नौका सोडायची असेल, तर शिडाची दोरी ओढणारा विंच घेताना पाकिटावरचा टॉर्कचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दोरीला किती ओढ मिळेल, हे ड्रमच्या त्रिज्येवर ठरते. 10 किलो-सेंटिमीटरचा विंच 2 सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमवर 5 किलो ओढ देतो आणि तीन फेऱ्यांत सुमारे 38 सेंटिमीटर दोरी गुंडाळतो. मोठा ड्रम दोरी लवकर घेईल, हे खरे. पण ओढ त्याच प्रमाणात घटते आणि पावसाळी झोताने भरलेले शीड आत घेताना नेमकी तीच हवी असते. म्हणून आधी ओढ, मग वेग.

स्वस्त सर्व्होच्या दांडीने भागत नाही का? लहान शिडाचे जरूर भागते. पण 10 सेंटिमीटरची दांडी 120 अंश फिरली, तरी टोक सरळ रेषेत जेमतेम 17 सेंटिमीटर सरकते आणि त्याच टॉर्कमधून काटकोनातल्या दोरीला मिळतो फक्त 1 किलो. विंचवर दोरी गुंतते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. वारा पडला की सैल दोरी ड्रमवरून उतरते. यासाठी दोरी समोरच्या कप्पीवरून फिरवून पुन्हा ड्रमवर आणावी, कप्पी इलास्टिकने ताणलेली ठेवावी आणि शिडांच्या दोऱ्या या वेढ्याला बांधाव्यात.