सी.टी. स्कॅन की एम.आर.आय.? : रोगनिदानातील विवेक



'जे महाग ते श्रेष्ठ' हा समज रोगनिदानात घातक ठरू शकतो.

लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी रुग्णाचा पहिला सी.टी. स्कॅन झाला. या शोधाबद्दल हाऊन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक लाभले. सी.टी. क्ष-किरणांवर चालतो व काही मिनिटांत पूर्ण होतो. रक्तस्राव, अस्थिभंग, फुफ्फुसांचे विकार व मूतखडा यांत तो विशेष उपयुक्त आहे. एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरींच्या साहाय्याने मेंदू, मज्जारज्जू, सांध्यांतील अस्थिबंध यांचे सूक्ष्म दर्शन घडते. मात्र त्यास बहुधा अर्धा-पाऊण तास लागतो.

पक्षाघाताचा झटका आल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मेंदूत रक्तस्राव असेल, तर तेच औषध प्राणघातक ठरते. म्हणून बहुतेक ठिकाणी प्रथम सी.टी. करतात. अशा वेळी 'खर्च होऊ द्या, पण एम.आर.आय.च करा' असा नातलगांचा आग्रह अमूल्य वेळ दवडतो.

पेसमेकर, शरीरातील धातू, गर्भावस्था, मूत्रपिंडाचा विकार, तसेच उपवास चालू असल्यास तोही तपासणीपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावा.

अनेकांत शिकवितो की एकाच दृष्टीतून संपूर्ण सत्य दिसत नाही. या दोन तपासण्यांनाही तेच लागू आहे. निवड डॉक्टरांनी करावी. कुटुंबाने माहिती द्यावी आणि विलंब टाळावा. जीवरक्षणाचा हाही एक धर्मच होय.

जय जिनेंद्र!