तालुक्याचं हायस्कूल

शाळा भरायच्या वेळी जामनेरच्या एसटी स्टँडवर उभं राहून पाहा. खेड्यांकडच्या गाड्या लागतात आणि दप्तरं सावरत पोरं-पोरी उतरतात. गावातली जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला. पुढचा रस्ता तालुक्याच्या हायस्कुलाकडेच जातो.

खानदेशात अशी हायस्कुलं लोकांनी उभी केली. अमळनेरच्या शाळेमागे प्रताप शेठ उभे राहिले. त्याच प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं दैनिक लिहीत होते. आपल्या तालुक्यातल्या शेंदुर्णीच्या शिक्षणसंस्थेच्या तर नावातच को-ऑपरेटिव्ह सोसायटी आहे. शाळा चालवायला सहकारी संस्था! मला याचा फार अभिमान वाटतो.

लोकांची शाळेबद्दलची ही आपुलकी आज मात्र गॅदरिंग आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यापुरती उरू लागली आहे. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच हात धरतो. म्हणजे नववीत पाऊल टाकलं, की पोरगी घरच्यांच्या मर्जीवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटते, वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि वर्गातले बाक रिकामे दिसू लागतात. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, पण महिनाभर बुडालेलं बीजगणित दहावीला भरून निघत नाही.

दुसरा अडसर गाडीचा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. पण दहावीचा जादा तास संपायच्या आत गावची गाडी निघून गेली, तर त्या पासाचा उपयोग काय? मुलगी तास अर्धा सोडून स्टँड गाठते. पाचोरा-जामनेरची आपली छोटी रेल्वेगाडी, पीजे, २०२० मध्ये थांबली. तेव्हापासून तर सारी भिस्त एसटीवरच आहे.

पालकांनो, वेचणीला पोरांना रविवारी न्या, शाळेच्या दिवशी नको. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत गाडीच्या वेळेचा विषय काढा. कोणत्या गावच्या किती मुली आहेत, तास किती वाजता सुटतो, हे कागदावर मांडा, मुख्याध्यापक आणि सरपंचांच्या सह्या घ्या आणि तो अर्ज आगार व्यवस्थापकांच्या हातात नेऊन द्या.