माथ्यावर दहा: एका वीस अंकी मूळ संख्येची ओळख
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, नामपल्ली, हैदराबाद)



देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 या काळात शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 6174 या संख्येमुळे जगाला ठाऊक झाले. आज मात्र मी त्यांच्या डेम्लो संख्यांपासून सुरुवात करतो. त्यांतल्या काही नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग आहेत. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. नऊ एकांचा वर्ग 12345678987654321. एकापासून नवापर्यंत चढण, मग तशीच उतरण. या साऱ्या वर्गसंख्या, त्यामुळे त्यांतली एकही मूळ असू शकत नाही.

दहा एकांचा वर्ग करताना हातचा येतो आणि नक्षी मोडते: 1234567900987654321. आता गुणाकार बाजूला ठेवू आणि चढणीच्या माथ्यावर सरळ 10 लिहू: 12345678910987654321. ही वीस अंकी संख्या मूळ आहे!

हे ठरवायचे कसे? शेवटी 1 आहे, म्हणून 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 91, म्हणून 3 बाद. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांतला फरक 1, म्हणून 11 बाद. पण या संख्येचे वर्गमूळ सुमारे 351 कोटी आहे. तिथपर्यंतच्या पावणेसतरा कोटींच्या आसपास मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. संगणकाला हे जमते. शंभर अंकी संख्येपुढे मात्र ही रीत हात टेकते.

फर्मा या गणितज्ञाने वेगळी वाट दाखवली. p मूळ असेल, तर p ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येच्या (p−1) व्या घाताला p ने भागल्यावर बाकी 1 उरते. बाकी वेगळी आली, की संख्या संयुक्त. अवयव शोधायची गरजच नाही. पण 3, 11 आणि 17 यांच्या गुणाकाराने बनलेली 561 या कसोटीला सहज चकवते. कधीही न चकणारी आणि तरीही अंक वाढले म्हणून आवाक्याबाहेर न जाणारी रीत 2002 मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केली. 

आपल्या संख्येचा आणखी एक गुण पाहा. तिला 4 ने भागल्यास बाकी 1 उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. 13 म्हणजे 4 अधिक 9; 29 म्हणजे 4 अधिक 25.

चढणउतरणीची नक्षी दशमान लेखनाची आहे. दुसऱ्या पायात लिहिताच ती नाहीशी होते. मूळपण मात्र संख्येचे स्वतःचे, कसेही लिहा. तरीही नक्षी दिसली म्हणूनच आपण प्रश्न विचारला. कापरेकरांच्या कामाला ‘अंकांचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: खेळातून प्रश्न सुचतो, उत्तर सिद्धतेतूनच मिळते, आणि गणिताला दोन्ही लागतात. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी 7, 11 आणि 19 यांना दोन वर्गांच्या बेरजेत मांडून पाहावे. ते जमणार नाही. का जमत नाही, ते शोधा. तिथून तुमचे गणित सुरू होईल.