भेटायला जाताना वेळ सांगू नका

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण)



मला ‘ज्येष्ठांचे आरोग्य’ हा विषय दिला होता. पण बीपी, शुगर आणि गुडघे यांवर तुम्ही रोज सकाळी बाकावर बसून माझ्यापेक्षा चांगलं बोलता. म्हणून मी आज आपल्यातली जी मंडळी वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये राहायला गेली, त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा चाळिशीतले होतो. आता मुलं पुण्याला, बंगळुरूला, कुणाची डॅलसला. त्यांना नावं ठेवायला मी उभी नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी करणं काय असतं, हे मी नोकरीची सगळी वर्षं नर्स म्हणून पाहिलं आहे. मनापासून सेवा करणारे आश्रमही आहेत. पण सगळेच तसे नसतात.

जून २०२५ मधली नोएडाची बातमी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. राज्य महिला आयोगाची माणसं पोलिसांना घेऊन एका वृद्धाश्रमात गेली, तर कुणी खोलीत कोंडलेलं, एका बाईचे हात बांधलेले, अंगावर धड कपडे नाहीत. आणि राहण्याचे पैसे मात्र घेतले जात होते.

बांधलेले हात व्हिडिओत दिसतात तरी. मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. साधं पाणी घ्या. आजी जास्त पाणी प्यायल्या की डायपर जास्त वेळा बदलावं लागतं. रात्रपाळीला एकच आया असेल आणि वीस पलंग असतील, तर पाण्याचा ग्लास हळूहळू पलंगापासून लांब सरकतो. कुणी मारत नाही, ओरडतही नाही. पण आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, असे तीन-चार दिवस गेले की जीभ कोरडी पडते, लघवी गडद होते आणि माणूस बरळायला लागतो. मग घरी फोन जातो, ‘आजींचं डोकं ठिकाणावर नाही.’ शांत राहायची गोळी सुरू होते. गोळीने माणूस झोपून राहतो. झोपून राहिलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, ते होत नाही. माकडहाडाजवळ लाल चट्टा येतो, त्याची जखम होते. कागदावर सगळं ‘वयोमानानुसार’.

शहराबाहेरच्या एका केंद्रात ओळखीच्या काकू होत्या. पहिल्यांदा मी फोन करून गेले, तर चादर कोरी करकरीत, काकूंना पावडर लावलेली. म्हणाल्या, ‘सगळे छान करून राहिले माझं.’ हे सांगताना त्या माझ्याकडे नाही, दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे बघत होत्या. पंधरा दिवसांनी न कळवता दुपारी तीनला गेले. कूलर बंद, डायपर ओलं. मी पाणी दिलं तर दोन ग्लास एका दमात प्यायल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, ‘कोणाला बोलू नको गं. तू जाशील घरी, मला इथंच राहायचं आहे.’

मी त्यांच्या मुलाला सांगितलं. तो आठवड्यात आला आणि त्यांना हलवलं.

काकूंच्या त्या वाक्यात सगळं आलं. परत जायला घर असेल तर माणूस बोलतो. म्हणून आपल्या सोसायटीत फ्लॅट मुलांच्या नावे करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, बक्षीसपत्रात ‘आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचं’ ही अट लिहून घ्या. लाजू नका. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात करायचा. निर्वाहासाठी महिना १०,००० रुपयांपर्यंत रक्कमही तिथेच मागता येते. आई-वडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण हा कायदा मुलांना जाब विचारतो, खाजगी केंद्राच्या मालकाला फारसं विचारत नाही. अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते मंजूर झालंच नाही. आपल्याकडे मंगल कार्यालयाची चौकशी लोक जास्त करतात, मला तर असंच वाटतं. तरी कोंडणं, बांधणं, मारणं हे कुठेही गुन्हेच आहेत. ११२ लावा. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

भेटायला गेलात तर वेळ सांगू नका. जेवणाच्या किंवा दुपारच्या झोपेच्या वेळी जा. फळांची पिशवी ऑफिसात देऊन परतू नका, पलंगाशी बसा. पाणी हाताला येतं का बघा. टाचा आणि पाठ बघा, त्या घरच्यासारख्या असतील तर लाज कसली. गोळ्यांची चिठ्ठी मागा. नवी गोळी दिसली तर कुणी लिहून दिली ते विचारा. आणि बोलताना त्यांची नजर कुठे जाते, तेही पाहा. चांगल्या केंद्राला अशा भेटीचा राग येत नाही. जिथे ‘फक्त रविवारी, फोन करूनच’ असं सांगतात, तिथे मी तरी कुणाला ठेवणार नाही.

मुलगा डॅलसहून दुपारी तीनला येऊ शकत नाही. आपण वर्धा रोडला, उमरेड रोडला जाऊ शकतो. आपल्या सोसायटीतली चार माणसं सध्या अशा केंद्रांमध्ये आहेत, त्यांची नावं खाली बोर्डावर अजून आहेत. सेक्रेटरींनी एक वही ठेवायचं कबूल केलं आहे: कोण कधी जाऊन आलं, काय दिसलं. मुलांची परवानगी आणि त्यांचे नंबरही त्यातच राहतील.

येत्या आठवड्यात मी जाणार आहे. वार आत्ता सांगत नाही. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, ज्यांना यायचं त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.