व्हिएतनामची कॉफी आणि आपले शिरवाळे
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



अंधेरी, बोरिवली, मुलुंडला राहणारी तुमची मुले-सुना आता व्हिएतनाम पाहून येतात. 2022 मध्ये मुंबईहून थेट विमानसेवा सुरू झाली. परतल्यावर ती गावी फोन करून विचारतात, "आपल्या वाडीत कॉफी का लावू नये?"

ती कॉफी बहुतेक रोबस्टा जातीची, चवीला कडक. पेल्यावर धातूची लहान गाळणी ठेवून थेंबथेंब गाळतात. तळाशी गोड आटीव दूध असते. फ्रेंच अमलात ताजे दूध दुर्मिळ होते, म्हणून डब्यातले वापरले. तीच चव आज प्रसिद्ध आहे.

1986 च्या आर्थिक सुधारणांनंतर तेथे कॉफीची लागवड झपाट्याने वाढली. ब्राझीलखालोखाल त्यांचा क्रमांक लागला. पण 2001 च्या सुमारास जगात कॉफी उदंड झाली, भाव कोसळले आणि अनेकांनी झाडे तोडली. म्हणून केवळ चव आवडली एवढ्यावर लागवडीसाठी कर्ज काढू नका.

शिकण्यासारखे वेगळेच आहे. तेथे तांदळाच्या ओल्या शेवया घरोघरी, रस्तोरस्ती खातात; प्रवासीही आवडीने विकत घेतात. आपले शिरवाळे त्याच जातकुळीचे: तांदळाचे पीठ, साचा, नारळाचा रस आणि गूळ. आपण मात्र ते घरच्या पाहुण्यांपुरतेच ठेवले.

भगिनींनो, उपनगरांतील आपल्याच माणसांपासून सुरुवात करा. ताजे शिरवाळे फार टिकत नाहीत. तेव्हा आधी मागणी नोंदवून घ्या, मगच पीठ उकडा.